घोरपडीची वॉरंटी

आई : थांबा थांबा, साहेब. एवढ्या घाईने बोलू नका. सत्तरी उलटलेल्या बाईला सांगताय. म्हणजे वॉरंट्या दोन, बरोबर?

साहेब : बरोबर, मावशी. एक कंपनीची. ती गाडीबरोबरच येते. दुसरी वाढीव, ती तुम्ही आमच्या दुकानातून गाडी घेतानाच घेऊन ठेवलीत. पहिली संपली की दुसऱ्या दिवशी हिचा अंमल सुरू.

आई : आणि पहिली संपली.

साहेब : मागच्या वर्षीच. आता तुम्ही वाढीवमध्ये आहात.

लेक : पण दोन्हींत फरक असतो ना, साहेब? वाढीवमध्ये सगळं येत नाही, असं माझ्या ऑफिसातले लोक म्हणतात.

आई : ही माझी लेक. दवाखान्याच्या हिशेबखात्यात असते. तिला आधी काय येत नाही ते ऐकायचं असतं.

लेक : आई.

आई : नाही, तू विचार. साहेब, सांगा तिला.

साहेब : असं बघा, ताई. कंपनीची वॉरंटी म्हणजे बनवण्यातली खोट. धातू कच्चा निघाला, जोडणीत चूक झाली, तर जबाबदारी त्यांची. त्यात भागांची फार निवड नसते. वाढीवचं तसं नाही. तिच्यात कोणते भाग धरलेत ते ठरलेलं असतं. इंजिन, गिअर, पुढचा-मागचा अ‍ॅक्सल, त्यांचे सांधे. हे आपणहून मोडले तर भरून मिळतं.

आई : कळलं. पहिली म्हणजे माहेर. लेकीत जन्मजात काही असेल तर ते त्यांनी निस्तरायचं. दुसरी म्हणजे सासर. बोलणीत ठरलं तेवढंच देतील, वर एक चमचा नाही.

साहेब : मावशी, हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार.

आई : सांगा. माझं नाव नका घेऊ, माझं सासर चांगलं होतं.

लेक : आणि काय काय येत नाही?

साहेब : झिजणाऱ्या वस्तू नाहीत. इंजिनचा पट्टा, ब्रेकचे पॅड, टायर, बॅटरी, रबर. त्या वापरानेच जातात. सर्व्हिस वेळेवर केलेली हवी. आवाज येतोय हे कळूनही गाडी दामटली आणि नुकसान वाढलं, तर ते मालकाचं. गाडीत बदल केला आणि त्या बदलामुळे मोडलं, तर नाही.

लेक : बदल केलाय. गाडीच्या मागे बघा. लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली आहे हिने.

आई : मग मधमाश्यांच्या पेट्या डोक्यावर घेऊन चढू का? साहेब, मी पेट्या ठेवते वर कड्यावर. तिथे रस्ता नाही, म्हणून तर ही डोंगर चढणारी गाडी घेतली. जिथे माणूस हात टेकून चढतो तिथे ही पोट घासत चढते. घोरपडच म्हणते मी तिला.

साहेब : चौकट पाहिली मी. छान केली आहे, कोपरे घासून घेतलेत. पण ताई, चौकट मागे आहे आणि मोडलाय पुढच्या डाव्या चाकाचा सांधा. चौकटीमुळे मागचं काही वाकलं असतं, तर तो प्रश्न आला असता. बदल केला म्हणून सगळीच वॉरंटी रद्द, असं नसतं.

आई : ऐकलंस? मागच्याचं पाप पुढच्याच्या माथी नाही.

लेक : ऐकलं.

साहेब : ताई, राग मानू नका, पण मला वाटतंय तुम्हाला हा क्लेम व्हायला नको आहे.

आई : बोल की. लाजायचं काय त्यात? साहेब, आमचं घरात ठरलंय. पदरचे घालून गाडी दुरुस्त करायची नाही. कंपनीने करून दिली तर गाडी माझी, कडा माझा. नाही दिली तर गाडी विकायची, पेट्या त्या खालच्या शेतकरणीला द्यायच्या आणि मी हिच्याकडे राहायला जायचं. तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे. गॅलरीत दोन कुंड्या आहेत. मी हो म्हटलंय.

साहेब : तुम्ही हो म्हटलंत?

आई : मला वाटलं होतं, माझी गाडी आहे, मी तिला पोटच्या पोरीसारखं ठेवते, कोण नाही म्हणणार? आता तुमच्या तोंडून एकेक ऐकतेय तसं त्या कुंड्यांत काय लावायचं ते ठरवतेय.

लेक : साहेब, तुम्हीच सांगा. हिचं वय बघा. हिचा फोन वर लागत नाही. मी ऑफिसात बसून घड्याळ बघते. परवा सांधा मोडला तर ही गाडी वरच सोडून चालत खाली आली. एकटी. संध्याकाळ व्हायला आली होती. गुडघे हे असे सुजलेले.

आई : गुडघे माझे, सूज माझी.

लेक : आणि झोप माझी जाते, त्याचं काय?

साहेब : गाडी चालवत का नाही आणलीत, मावशी? अशा अवस्थेत माणसं हळूहळू आणतात.

आई : तिचा आवाज बदलला हो. नेहमी ती घसा खाकरल्यासारखी करते चढावर, तेवढं चालतं. परवा वळणावर टक् टक् सुरू झालं. मी जागेवर थांबवली. चाकांना दगड लावले, वरून ताडपत्री टाकली, आणि निघाले. काल तुमचीच माणसं वर येऊन तिला उचलून घेऊन आली. दुखतंय म्हणणाऱ्याला ओढत नेऊ नये. आमच्या ह्यांनी शिलाईमशीन घेऊन दिलं होतं मला, लग्नानंतर. त्या काळी कुठली आलीय वॉरंटी? दुकानदार म्हातारा होता. म्हणाला, "सूनबाई, दोरा अडला तर जोर लावायचा नाही. मला निरोप धाडायचा." आणि यायचा हो सायकलवर, तेलाची बुदली घेऊन. चहासुद्धा घ्यायचा नाही. म्हणायचा, मी विकलंय, मीच बघणार. ते मशीन अजून चालतं. तो माणूस गेला त्याला किती वर्षं झाली, दुकानाच्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. पण दोरा अडला की मी अजून हात थांबवते.

साहेब : तुम्ही जागच्या जागी थांबवलीत हे फार चांगलं केलंत. मी हे लिहून घेतो.

लेक : साहेब, अजून एक आहे.

साहेब : बोला ना.

लेक : गाडी शर्यतीत वापरली असेल तर?

साहेब : तर मात्र अवघड. स्पर्धेत वापरलेल्या गाडीला दोन्ही वॉरंट्या हात वर करतात. हे कलम पक्कं आहे.

लेक : मग लिहा. ही गाडी शर्यतीत होती. मागच्या वर्षीची डोंगरशर्यत. घरी कपाटावर कप आहे. एवढा मोठा. मी महिनाभर घरी आले नव्हते, आले तर कप. विचारलं तर म्हणाली, "मिळाला." एवढंच. आई, मी खोटं बोलत नाहीये.

आई : नाहीच बोलत. कप आहे, साहेब. लपवून काय करू? डाळीचा चमचा असतो त्यात.

साहेब : मावशी, तुम्ही ह्यांना सांगितलं नाहीत?

आई : काय सांगायचं?

साहेब : ताई, तो कप मी दिला त्यांना.

लेक : तुम्ही?

साहेब : माझ्या हाताने. शर्यतीत आमच्या दुकानाचा मांडव होता, शेवटच्या रेषेजवळ. मी तिथे होतो सकाळपासून. तुम्हाला खरंच काही माहीत नाही?

आई : राहू द्या हो. जुनी गोष्ट.

साहेब : नाही मावशी, आता राहत नाही. ताई, शर्यत अशी की वर कड्याला वळसा घालून परत खाली यायचं. आम्ही खाली वाट बघतोय. पहिली गाडी यायला बराच अवकाश होता. आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, जिथे आखलेली वाटच नाही, तिथून एक गाडी येताना दिसली. धूळ नाही, आरडाओरडा नाही. एकेका दगडावर चाक ठेवत, जसा माणूस अंधारात पायऱ्या उतरतो तशी. आमचा मेकॅनिक म्हणाला, "कोण हा खेळाडू? काय हात आहे!" लोक टाळ्या वाजवायला लागले. कोणी शिट्ट्या मारल्या. गाडी रेषा ओलांडून आली आणि आत बघतो तर ह्या. डोक्याला मधमाश्यांची जाळी. आणि बाजूच्या सीटवर एक तरुण, पाय मोडलेला, ओठ पांढरे.

लेक : कोण तरुण?

साहेब : शर्यतीतलाच. वर उलटला होता. पुढच्यांना कळलं नाही, मागचे लांब होते. ह्या आपल्या पेट्यांपाशी होत्या.

आई : ओरडला म्हणून कळलं. मला वाटलं, माश्या चावल्या कोणाला.

साहेब : पाय बांधला होता ह्यांनी. कशाने, तर पेटीतल्या चौकटीच्या लाकडी पट्ट्यांनी आणि ओढणीने. दवाखान्याची गाडी खाली उभीच होती, तिच्यातली डॉक्टर म्हणाली, "कोणी बांधलाय? मी हे सोडत नाही, असंच नेते." तुमच्याच दवाखान्यात नेला असेल, ताई.

लेक : ...मागच्या वर्षी? पाय... मेणाचा वास येणाऱ्या पट्ट्या... आमच्याकडे सगळे बोलत होते. कोणी बांधल्या कोणाला माहीत नव्हतं.

आई : मेण निघत नाही गं पट्ट्यांचं, कितीही उकळा.

लेक : आई, तू त्या पात्रातून उतरलीस? बाबा तिथून बकरी उतरू द्यायचे नाहीत!

आई : बकरीला ब्रेक नसतो.

लेक : हसू नकोस!

आई : मग काय करू? वळशाच्या वाटेने आले असते तर फार वेळ लागला असता, आणि त्याला हिसके बसले असते. पात्रातून हिसके बसत नाहीत, चाक कुठे ठेवायचं ते ठाऊक असेल तर. त्याला म्हटलं, बाबा, हवा तेवढा ओरड, फक्त माझ्या हाताला धरू नकोस. शहाणा होता. सीटवरची माझी जुनी जाळी चावून चावून भोकं पाडली त्याने, पण हाताला नाही धरलं.

साहेब : आणि लोकांना वाटलं ह्याच पहिल्या आल्या. गळ्यात हार घातला. खरं काय ते कळल्यावर तर जास्तच ओरडले. पहिला आलेला गडी नंतर आला, तोच म्हणाला, "कप ह्यांना द्या, मला तुमच्या दुकानाची टोपी पुरे." मग मी दिला.

आई : मी नको म्हणत होते. पण एवढी माणसं, नको म्हटलं तर अजून वेळ गेला असता. वर पेटी उघडी राहिली होती माझी.

लेक : मला का नाही सांगितलंस?

आई : सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी विकायला काढली असतीस.

लेक : काढली असती.

आई : मग?

साहेब : एक मिनिट, ताई. तुम्ही विचारलंत ते बरोबरच आहे आणि मला ते कंपनीला सांगावंच लागेल. मी खोटं लिहिणार नाही. स्पर्धक म्हणजे नाव नोंदवलेला, गाडीवर नंबर लावलेला. मावशींच्या गाडीवर नंबर नव्हता, मधाचे डाग होते. हे मी जसं पाहिलं तसं कळवतो. आमच्या मेकॅनिकने सांधा खोलून ठेवलाय, त्याचे फोटो काढतो आणि कंपनीच्या इंजिनिअरशी इथूनच बोलतो. हो म्हणायचं की नाही ते त्याच्या हातात. बसा तुम्ही, पंख्याखाली.

(साहेब काचेचं दार लोटून वर्कशॉपमध्ये जातात. दोघी काउंटरसमोरच्या बाकावर.)

आई : पाणी पितेस?

लेक : नको.

आई : चेहरा उतरलाय तुझा.

लेक : मी तुझ्याशी फितुरी केली. सरळ तुझ्यासमोर.

आई : फितुरी पाठीमागे करतात. तू तोंडावर बोललीस. तुझे बाबा असेच होते. मला बघायला आले तेव्हा म्हणाले, मुलगी आवडली, पोहे खारट आहेत.

लेक : मला वाटायचं, तू हट्टाने जातेस. म्हातारपणी काहीतरी दाखवायचं म्हणून. कप बघितला तेव्हा तर मला रागच आला. वाटलं, ह्या वयात शर्यत? लोक काय म्हणतील?

आई : लोक काय, टाळ्या वाजवत होते.

लेक : तो मुलगा चालत बाहेर पडला, माहिती आहे तुला? मी खिडकीतून बघितला होता. कुबडी बगलेत होती, पण टेकत नव्हता.

आई : चालतो ना? बरं झालं. मला कोणी कळवलंच नाही. मी तेवढंच म्हणत होते मनात, बांधताना उजवी पट्टी जरा वर गेली की काय.

लेक : आई.

आई : काय गं?

लेक : तो इंजिनिअर नाही म्हणाला तर?

आई : तर ठरल्याप्रमाणे. पुढच्या आठवड्यात पेट्या खाली आणू. शेतकरीण हाताने बरी आहे, फक्त माश्यांना धूर जास्त करते. तिला सांगावं लागेल.

लेक : तू दिलेला तो शब्द मी सोडला. मला नको तो.

आई : शब्द काय उसनी वाटी आहे, परत करायला? मी दिलाय. तुझी झोप जाते म्हटल्यावर दिलाय. ती काय आज खोटी झाली?

लेक : माझी झोप मी बघेन!

आई : हळू बोल. तो पलीकडचा टायर बघणारा माणूस वळून बघतोय.

लेक : बघू दे. तू तिसऱ्या मजल्यावर काय करणार आहेस, सांग ना? दोन कुंड्यांना पाणी घालणार, आणि मग?

आई : टीव्ही बघेन. कोणत्या वॉरंटीत काय येतं ते तुझ्या शेजारणींना समजावून सांगेन.

लेक : चेष्टा नको करूस. मी स्वतः भरते दुरुस्तीचे.

आई : नाही. ते ठरलेलं नाही. सासरचं आहे हे, ठरलेलं तेवढंच.

लेक : आले बघ ते. चेहऱ्यावरून काही कळत नाहीये ह्यांच्या.

आई : वॉरंटीवाल्याचा चेहरा असाच लागतो. बसा, साहेब, उभ्याने नका सांगू.

साहेब : बराच वेळ बोललो. त्याने बारीक बारीक विचारलं. पहिलं, रबराचं आवरण फाटलं होतं का? ते फाटलं की माती आत जाते आणि सांधा खाते. मग तो झिजेचा दोष धरतात, मिळत नाही.

आई : फाटलेलं नव्हतं. मी रोज खाली वाकून हात फिरवते. माती राहिली की भाजीच्या ब्रशने काढते.

साहेब : फाटलेलं नव्हतंच. आतलं ग्रीस लोण्यासारखं स्वच्छ. मेकॅनिकने बोटावर घेऊन दाखवलं मला. मोडला तो आतला पिंजरा, ज्यात लोखंडी गोळ्या बसतात. तडा आतून गेलाय, म्हणजे आपणहून. आणि तुम्ही पुढे चालवली नाहीत, म्हणून बाकी सगळं शाबूत आहे. थोडीजरी ओढली असतीत तर तुकडे गिअरमध्ये गेले असते, आणि मग काय कशामुळे मोडलं ते कोणालाच सांगता आलं नसतं.

लेक : म्हणजे ती चालत आली म्हणून...

साहेब : त्या चालत आल्या म्हणून.

लेक : आणि शर्यत? शर्यतीचं काय म्हणाला?

साहेब : सगळं सांगितलं. कपासकट. त्याने कलम काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाला, जखमीला खाली आणणं हे कुठल्या स्पर्धेत बसतं ते मला दाखवा. सांधा मंजूर आहे, मावशी. मजुरीसकट. पट्टा मात्र झिजलाय, तो तुमचा तुम्हाला घ्यावा लागेल.

आई : पट्टा माझाच. तो झिजवलाय मी, मोडलेला नाही. पण ऐक गं, पदरचे घालायचे नाहीत असं ठरलं होतं.

लेक : दुरुस्तीला. पट्टा म्हणजे दुरुस्ती नाही, खाणंपिणं आहे तिचं. साहेब, लिहा, पट्टा घालायचा.

साहेब : ताई, आता तुम्हीच क्लेमवाल्या झालात.

लेक : आणि तुमचा मेकॅनिक ते रबर बदलणार असेल तर चांगल्यातलं घाला. मी बघून घेईन.

आई : मेली! बघितलंत ना, साहेब? घटकेपूर्वी माझ्या विरुद्ध बोलत होती.

साहेब : सांधा मागवावा लागेल. आला की फोन करतो. गाडी घ्यायला कोण येईल, तेवढं सांगा. ज्याच्या नावाने सांगाल त्यालाच किल्ली देतो आम्ही. ताई, तुमचं नाव घालू?

लेक : नाही. आईच येईल. गाडी तिची आहे.

आई : आणि तू? सुट्टी मिळणार नाही का तुला?

लेक : मिळेल. मी कड्याखालच्या वळणावर उभी राहते.

आई : वळणावर कशाला? ऊन असतं तिथे.

लेक : असू दे. तुला वर जाताना मी कधी बघितलंच नाही गं.